तीन खोल्या आणि एक ब्लँकेट

समजा, तुम्हाला एका खिडकीशी उभं केलंय. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे एक इमारत. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराकडे बोट दाखवून एक टकले गृहस्थ तुम्हाला सांगताहेत, "त्या घरातली माणसं पुढच्या महिन्यात काय करणार आहेत, ते संध्याकाळपर्यंत मला सांगायचं. त्यांच्याशी बोलायचं नाही, दाराशी जायचं नाही. बाकी काय वाटेल ते करा."

तुम्ही काय कराल? पडदे तर ओढलेले आहेत. गॅलरीतल्या दोरीवर लहान मुलाचे कपडे नाहीत. एक माणूस सकाळी भलीमोठी बॅग घेऊन वाकडा होत बाहेर पडतो, आणि दुपारी तीच बॅग झुलवत परत येतो. घरातली बाई थोड्या थोड्या वेळाने खिडकीत येते, रस्त्याकडे बघते आणि आत जाते. खालच्या वॉचमनशी तुम्ही गप्पा मारता, तर तो म्हणतो, "औषधांचे खोके येतात हो त्यांच्याकडे. सारखे येतात." झालं! तुमच्या डोक्यात दिवा लागतो. घरात कुणीतरी फार आजारी आहे, पुढच्या महिन्यात हॉस्पिटल.

ही गोष्ट जिची आहे, तिच्याही डोक्यात नेमका हाच दिवा लागला होता. देशाच्या गुप्तवार्ता खात्यात ती तेव्हा नुकती लागली होती आणि ते टकले गृहस्थ तिचे पहिले शिक्षक. तिने ऐटीत पानं भरून लिहून दिलं. गृहस्थांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बाई, तो माणूस औषध कंपनीचा सेल्समन आहे. घरात सगळे ठणठणीत आहेत, आणि पुढच्या महिन्यात ते काहीही करणार नाहीत."

वर्ग खो खो हसला. बाकीच्यांचंही चुकलंच होतं, पण ज्याचं आधी फुटतं त्याच्यावर हसायचं हा नियमच असतो. मग सगळे चहाला गेले. ती मात्र गृहस्थांच्या टेबलाशी परत येऊन उभी राहिली.

"सर, मग ती बाई सारखी खिडकीत का येत होती?"

गृहस्थांनी चष्मा परत नाकावर घेतला. "ते मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "बस. त्यावर बोलू."

पुढे ही मुलगी त्याच खात्याची प्रमुख झाली. गुप्तवार्ता खात्याचा प्रमुख म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा चष्मा, वर केलेली कॉलर असं काहीतरी येतं. हिच्या पर्समध्ये गुडघेदुखीचं मलम असायचं आणि चष्मा साधा, तोही बहुतेक वेळा डोक्यावर ठेवून ती घरभर शोधत असायची.

वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेले पंप, पंखे, मिक्सर यायचे. ते जुनी तार उपसून नवी भरून द्यायचे. शाळा सुटली की ही दुकानात. गिऱ्हाईक सांगायचं, "मोटार जळलीय." ही स्टुलावर बसून विचारायची, "कशावरून?" गिऱ्हाईक गोंधळायचं. "अगं, चालत नाहीये ना!" "चालत नाही म्हणजे जळलीच, कशावरून?" वडील हसत मीटर लावून बघायचे. पुष्कळदा नुसती वायर सुटलेली असायची. धाकटा भाऊ बोलायला लागला तो ताईला 'कशावरूनताई' म्हणतच. आई कपाळाला हात लावायची. "लग्न झाल्यावर नवऱ्याला असं विचारत बसलीस, तर तो पळून जाईल."

नवरा पळून गेला नाही. तो दातांचा डॉक्टर होता, आणि बायकोच्या नोकरीबद्दल काही विचारायचं नाही हे त्याने लग्नाआधीच मान्य केलं होतं. मित्रांत म्हणायचा, "दिवसभर माझ्यासमोर लोक तोंड उघडून बसतात. घरी आलो की बंद तोंड बघून बरं वाटतं." बाकी घरादाराला ती 'आकडेवारी खात्यात' असल्याचं माहीत होतं. नणंद चिकट. दर भेटीत विचारणार, "वहिनी, मोजता तरी काय हो एवढं?"

"जे येईल ते."

"आणि मोजून झाल्यावर?"

"परत मोजतो."

"सरकारी काम ते सरकारी काम," असं म्हणून नणंद चहा ओतायला उठायची.

खरं तर नणंद फारशी चुकत नव्हती. तिचं काम पडताळणीचं होतं. शेजारच्या देशाबद्दल जी बातमी यायची, ती खात्यातल्या तीन खोल्यांतून यायची. एका खोलीची माणसं सीमेवरच्या बाजारात होती, दुसरीची रस्त्यावर, म्हणजे ट्रकवाले, हमाल, टपरीवाले. तिसरीची माणसं तिकडच्या कचेऱ्यांमध्ये. कुठल्या खोलीची माणसं कोण, हे शेजारच्या खोलीला कळू द्यायचं नाही, हा खात्याचा पहिला धडा. भिंतीला कान असतात म्हणतात. या इमारतीतल्या भिंतींनी ते जणू मुद्दाम बुजवून घेतले होते. रोज एकत्र डबा खाणारे अधिकारी एकमेकांच्या पोरांचे मार्क सांगायचे, पण आपला माणूस पुरुष की बाई, हे सांगायचे नाहीत. त्यात दिखावा नव्हता. पूर्वी कधीतरी दोघे चहा पिताना बोलले होते, आणि पलीकडचा एक माणूस जिवाला मुकला होता.

यातूनच एक रीत पडली. बातमी एका खोलीतून आली तर तिच्यावर शिक्का 'ऐकीव'. दोन खोल्यांतून आली तर 'शक्य'. तिन्ही खोल्यांतून आली की 'पक्की'. सोपं, सरळ. कुणी कुणाला काही विचारायलाच नको.

ती पडताळणीत चांगली मुरली होती, तेव्हा शेजारच्या देशाचं सैन्य नदीपलीकडे येऊन राहिलं. सराव आहे, असं त्यांचं म्हणणं. नदीवर मोठा पूल होता. पलीकडे उबदार मैदान, अलीकडे आपल्या बाजूला थंड डोंगर. आणि पुलाच्या आपल्या टोकाला जी तुकडी होती, तिच्यात तिचा धाकटा भाऊ होता. घरच्यांना तो 'बाहेर कुठेतरी' आहे एवढंच ठाऊक. हिला नेमकं ठाऊक होतं, कारण नकाशा हिच्याच टेबलावर पसरलेला असायचा. तो फोनवर म्हणायचा, "कशावरूनताई, इथे पाण्यात मासे काय सुंदर दिसतात गं!" आणि ती म्हणायची, "हो का? कुठे आहेस बाबा तू?"

मग तिन्ही खोल्यांतून पाठोपाठ बातमी आली. पलीकडचं सैन्य लवकरच पूल ओलांडणार. पुरावा काय, तर जवानांना नवीन जाड ब्लँकेटं वाटली आहेत. मैदानात त्यांना जाड ब्लँकेट कशाला? डोंगरात, म्हणजे आपल्याकडे येऊन राहायचं असेल तरच. तर्क बिनतोड होता. 'पक्की'चा शिक्का बसला. वर हालचाल सुरू झाली. त्यांनी यायच्या आधी आपणच पूल ओलांडून त्यांच्या छावणीवर तुटून पडायचं, असा प्रस्ताव तयार झाला. दोन दिवसांनी देशाच्या प्रमुखांसमोर बैठक. कागद पडताळणीकडे आला तो केवळ सही करायला.

तिने तिन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. मग परत वाचल्या. तिन्हींत होतं, की ब्लँकेटं जाड आहेत. तिन्हींत होतं, की ती राखी आहेत. आणि तिन्हींत होतं, की त्यांच्या कडेला दुहेरी शिवण आहे.

ती तिथे अडली. ट्रकवाला गठ्ठ्याचं वजन सांगेल. कचेरीतला माणूस हुकूम कुणी काढला ते सांगेल. ब्लँकेटची कड उलटून शिवण कोण बघतं?

रस्त्याच्या खोलीचा प्रमुख एक दाढीवाला होता. खात्यात सगळे त्याला तोंडावर दाढीसाहेब म्हणायचे. ही बातमी सगळ्यांत आधी त्याच्या खोलीत आली होती आणि त्याची मान त्या आठवड्यात जरा जास्तच ताठ होती.

"दाढीसाहेब, तुमच्या माणसानं ब्लँकेट हातात धरून पाहिलं होतं का?"

"बाई, माझ्या माणसाबद्दल एक अक्षर विचारायचं नाही."

"माणसाबद्दल कुठे विचारतेय? ब्लँकेटबद्दल विचारतेय."

"ब्लँकेट काय माझ्या घरातलं आहे?" दाढीवाला खुर्चीत मागे रेलला. "तीन खोल्यांतून बातमी आली. पळसाला पानं तीनच. आता चौथं कुठून आणू तुमच्यासाठी?"

"चौथं नकोच. ही तीन पानं तीन वेगळ्या झाडांची आहेत का, एवढंच सांगा."

दाढीवाल्याने पेनाचं टोपण काढलं, लावलं. "धरून नाही पाहिलं," तो शेवटी म्हणाला. "ऐकलं."

"कुणाकडून?"

"निघा तुम्ही आता."

उरलेल्या दोन खोल्यांतही तिला तेच मिळालं. ऐकलं. आणि पुढे दार बंद.

ती जिन्यात येऊन बसली. गुडघे तेव्हा दुखत नव्हते, पण बसावंसं वाटलं. आपल्याला हे खरंच दिसतंय, की भाऊ पुलावर आहे म्हणून दिसतंय? आपण हल्ला केला तर पहिला पुलावर पाऊल टाकणारा तोच. म्हणजे हल्ला नको, असं आपल्याला आतून हवंच आहे. पण समजा बातमी खरी असली आणि आपण हल्ला थांबवला, तर पलीकडून येणारे पहिल्यांदा ज्याला तुडवतील, तोही तोच. कुठल्याही बाजूने बघितलं तरी तराजूत भाऊच बसलेला, आणि तराजू हिच्या हातात. तिला पहिल्यांदाच स्वतःलाच विचारावं लागलं: कशावरून?

तिन्ही खोल्यांना विचारायचा अधिकार एकाच माणसाला होता. खात्याचे प्रमुख. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. ती गेली तेव्हा ते पेन्सिलीला टोक करत होते.

"साहेब, आधी एक सांगते, मग बाकीचं. माझा धाकटा भाऊ त्या पुलावर आहे."

साहेबांनी टोकयंत्र खाली ठेवलं. "मग या कागदापासून तू लांब राहायला हवं होतंस."

"हो. म्हणून आधी सांगितलं. मी म्हणते म्हणून काही मानू नका. मला खोटी ठरवा."

"कोण ठरवणार?"

"दाढीसाहेब. त्यांना माझ्याबद्दल बिलकूल माया नाही."

साहेब हसले. मग तिचं सगळं ऐकून घेतल्यावर हसायचे थांबले.

दाढीवाल्याने ते काम मन लावून केलं. दिवसभर तो तिच्या मुद्द्यांवर असा तुटून पडला, की ऐकणाऱ्याला वाटावं दोघांचं शेताच्या बांधावरून वैर आहे. दुहेरी शिवण लष्करी मालाला असतेच, तो म्हणाला. नसते, तिने जुने नमुने दाखवले. ट्रकवाल्याला कापडाची आवड असू शकते, तो म्हणाला. तिघांनाही? तिने विचारलं. शेवटी तो स्वतःच उठला. "साहेब, तुम्ही आम्हा तिघांना एकेकट्याला आत बोलवा आणि एकच विचारा, की आमच्या माणसाने हे कुणाकडून ऐकलं. बाकी काही विचारू नका."

तसंच झालं. तिन्ही खोल्यांचे प्रमुख एकेक करून आत गेले आणि बाहेर आले. ती आणि दाढीवाला बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दाढीवाल्याने तिला लिमलेटची गोळी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

साहेब दारात आले. "एकच," ते म्हणाले.

"काय एकच?"

"तोंड. सीमेवरच्या गावात बाजाराच्या दिवशी एक कापडवाला येतो. तिघांनीही त्याच्याकडूनच ऐकलं."

दाढीवाल्याने दाढीवरून हात फिरवला. "म्हणजे ज्याला आम्ही पक्की म्हणत होतो, ती..."

"एकाच तारेला तीन मीटर लावले होते," ती म्हणाली. "म्हणून वीज तिप्पट होत नाही."

"म्हणजे खोटी."

"तसंही नाही. एकच माणूस बोलला म्हणून तो खोटं बोलला असं होत नाही. आपल्याला माहीत नाही, एवढंच."

बैठकीला साहेबांनी तिला बरोबर नेलं. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे झाकण घातलेला पाण्याचा ग्लास. देशाच्या प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ तिच्याकडे बघितलं. "ते येणार की नाही?"

"माहीत नाही."

"मग तुमचं खातं आम्ही पोसतो कशासाठी?"

परतताना गाडीत तिला फार सुरेख उत्तर सुचलं, पण वरात निघून गेल्यावर घोडं सापडून काय उपयोग? सुदैवाने साहेबांनी तिथे तोंड उघडलं होतं, आणि ठरलं ते असं: आपण पुढे जायचं नाही, पुलावर डोळ्यांत तेल घालून बसायचं, वाट बघायची.

वाट बघणं हे सगळ्यांत वाईट. ऑफिसात ती कामं करत होती, घरी भाज्या चिरत होती, नणंदेला "जे येईल ते" सांगत होती. एका सकाळी नवऱ्याने तिला दवाखान्यातल्या खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं.

"झोपेत दात खातेस तू. ही दाढ बघ, कशी झिजलीय."

"असेल."

काय झालं, असं त्याने विचारलं नाही. दातांचा साचा घेतला आणि झोपताना घालायला एक पारदर्शक पट्टी बनवून दिली. "ही घाल. बाकीचं तुझं तू बघ," म्हणाला. ती त्याच्यासमोर पहिल्यांदा आणि शेवटची तेव्हाच रडली, आणि तोंडात ती पट्टी असल्यामुळे ते फार विचित्र दिसलं असणार.

मग एके दिवशी पलीकडच्या छावणीतले तंबू उतरले. सैन्य आलं तसं परत गेलं. ते येणारच नव्हते, की आपण जागे आहोत हे बघून फिरले, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. या धंद्यात जे घडलं नाही, त्याचं श्रेयही मिळत नाही आणि खात्रीही. ब्लँकेटं खरी होती, एवढं नंतर कळलं. ती घेतली कशाला, ते नाही.

भाऊ सुट्टीवर घरी आला. उन्हाने काळवंडलेला, अंगाने भरलेला. "काही नाही गं ताई, नुसते पत्ते कुटले. कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी किडा आला असणार, आम्हाला उगाच तिथे बसवलं. तुझं बरंय. एसीत बसून आकडे मोजायचे."

"हो ना," ती म्हणाली, आणि त्याच्या पानात आणखी वाढलं.

साहेबांनंतर आणखी दोघे आले आणि गेले, मग ती खुर्ची तिच्याकडे आली. 'पक्की'चा शिक्का तिने पहिल्याच आठवड्यात बाद केला. त्याऐवजी प्रत्येक बातमीवर एक रकाना आला: मूळ तोंड कुणाचं? नाव नको, पण तोंड पहिलं की दुसरं की पाचवं, ते लिहायचं. भिंती होत्या तशाच राहिल्या. फक्त सगळ्या भिंतींच्या वरून बघणारा एक छोटा कक्ष झाला. त्याचा प्रमुख कोण, तर दाढीवाला. तो रोज तिच्याशी वाद घालायचा, आणि ज्या दिवशी घालायचा नाही, त्या दिवशी ती त्याला बोलावून विचारायची, "तब्येत बरी आहे ना?"

कारकिर्दीत पुढे पुष्कळ काही झालं. काही अंदाज बरोबर आले, दोन वाईट चुकले. त्यातल्या एकासाठी तिने राजीनामा लिहिला होता आणि तो स्वीकारला गेला नाही. पण प्रमुख झाल्यावर सगळी नावं बघायचा अधिकार मिळाला, तेव्हा तिला हवं होतं ते एकच नाव: तो कापडवाला. आणि नेमकं तेच कुठे नव्हतं. तो कुणाचाच माणूस नव्हता. कुणी त्याला नेमलं नव्हतं, कुणी टोपणनाव दिलं नव्हतं. नुसताच बाजारात येणारा एक माणूस.

दाढीवाल्याने शोध घेतला. त्या गावात कुणी म्हणालं, तो मुलीकडे राहायला गेला. कुणी म्हणालं, एका सकाळी गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. एका म्हातारीने सांगितलं, कापडवाला? असा कुणी बसत नव्हताच इथे.

"तीन तोंडं," दाढीवाला म्हणाला. "आणि या खेपेला तिन्ही वेगळी."

आता दोघेही निवृत्त आहेत. दाढी पांढरी झाली आहे. तो तिच्याकडे येतो, नवरा दोघांना बिनसाखरेचा चहा देतो आणि दात कसे घासावेत ते सांगतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की ती तिथेच येते.

"बडबड्या माणूस असता तर त्याने बाजारभर सांगितलं असतं. आपण नंतर इतकं शोधलं, चौथा कुणी सापडला?"

"नाही."

"त्याने तिघांनाच सांगितलं. आणि तिघे नेमके आपल्या तीन वेगळ्या खोल्यांचे. आपण कसं मोजतो, हे त्याला माहीत होतं."

"असेलही. म्हणजे आपण आधी हल्ला करावा, असं कुणाला तरी हवं होतं, आणि हा त्यांचा माणूस." दाढीवाला बशीत चहा ओततो. "सरळ आहे."

"मग शिवण कशाला सांगितली? इतका हुशार माणूस तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगेल. एकाला रंग, एकाला वजन, एकाला आणखी काही. तिघांनाही तीच एक बारीक गोष्ट?"

"कापडवाला तो. कापडवाला शिवणीबद्दल बोलणारच. सवय असते जिभेला."

"कशावरून?"

दाढीवाला बशी उचलून तोंडाला लावतो. तिचा चहा निवत राहतो. तिला त्या माणसाचा चेहरा माहीत नाही, आवाज माहीत नाही, तो जिवंत आहे का तेही माहीत नाही. ब्लँकेटची कड दोन बोटांत धरून दाखवणारा फक्त एक हात ती डोळ्यांपुढे आणू शकते. ती दुहेरी शिवण त्याच्या तोंडून अशीच निसटली होती, की तिन्ही कागद कधीतरी कुणी शेजारी शेजारी ठेवून बघेल, आणि थांबेल, म्हणून त्याने ती मुद्दाम घातली होती?